घुमणारी छाती

पाडव्याच्या दिवशी गोजरबाईनं पहाटेच अंगण सारवलं, पुरणाची डाळ शिजत घातली आणि कडुनिंबाचे डहाळे तोडून दाराशी आणले. आणले आणि भिंतीला टेकवून ठेवले. ते गुढीला बांधायचा अधिकार तिला नव्हता. पुरण वाटायला तिचे हात चालत, खटल्याच्या घराची धुणी धुवायला चालत, भर उन्हात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला चालत. फक्त देवाच्या कामाला ते चालत नसत. गावानं तिला नाव ठेवलं होतं ‘नेममोडी’, आणि सहा वर्षांत ते इतकं रुळलं होतं, की रेशनच्या दुकानातसुद्धा कुणी तिला दुसऱ्या नावानं हाक मारत नसे.

हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी धामणखेड नावाचं गाव आहे. गाव लहान, पण जत्रा मोठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथं मरीमायच्या नावानं बारा गाड्या ओढतात. बारा रिकाम्या बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, त्यांत माणसं चढवायची, आणि बैलांच्या जागी एकच माणूस जुंपायचा. अंगाला हळद, कमरेला पिवळं धोतर, कमरेच्या दोराला पहिल्या गाडीचा आकडा. त्याला भगत म्हणतात. मागून चार गडी हळूच रेटा देतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते बोलायचं नसतं.

भगताचा मान एकाच घराण्याचा, गोजरबाईच्या सासरचा. घराण्यातला कोणता पुरुष गाड्या ओढणार हेही देवीच ठरवते, असा समज. पाडव्याला घरातला वडीलधारा वयात आलेल्या पोरांच्या छातीवर तळहात ठेवतो. ज्याची छाती आतून घुमते, मांजर मांडीवर घुरघुरावं तशी हाताला लागते, त्याच्यात देवी आली. पुढं आखाजीच्या आधी नऊ दिवस भगताच्या बायकोनं नेम पाळायचा. मीठ खायचं नाही, वेणी घालायची नाही, उंबरा ओलांडायचा नाही. नेम पक्का असला तर गाड्या सुखरूप देवळापर्यंत जातात. भगत कोसळला, तर नेम मोडला.

आणि भगत कोसळत. एकामागून एक कोसळत आले होते. देवळापुढं त्यांचे पाच शेंदरी दगड होते. मेलेला पुरुष देव झाला आणि जिवंत उरलेली बाई पापी ठरली, असा हा सरळ हिशेब होता; त्यात कुणाला काही खटकत नव्हतं. एकोणीसशे बासष्टच्या आखाजीला गोजरबाईचा नवरा गुलाबराव आठव्या गाडीचं चाक हलायच्या आत पालथा पडला. बायांनी चौकशी केली, तेव्हा निष्पन्न झालं, की गोजरबाईनं सातव्या दिवशी उंबऱ्यावरून हात बाहेर काढून कासाराला तांब्याभर पाणी दिलं होतं. झालं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

पुढची सहा वर्षं घरात कुणाची छाती घुमली नाही आणि गाड्या तशाच उभ्या राहिल्या. त्या पाडव्याला, म्हणजे अडुसष्ट साली, गुलाबरावाचे थोरले भाऊ किसनराव ओसरीवर बसले. त्यांनी आधी आपल्या दोन पोरांच्या छातीवर हात ठेवला. काही लागलं नाही. मग गोजरबाईचा भगवान पुढं आला. अठरा वर्षांचा, बापासारखा रुंद, ओठावर नुकती मिशी. किसनरावांनी तळहात टेकवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

“घुमते,” ते म्हणाले. “गुलाबच्याच वानी घुमते. आली माय.”

ओसरीवर हळद उधळली गेली. आत चुलीशी बसलेल्या गोजरबाईच्या हातातलं पुरणयंत्र थांबलं. ती घुमण तिला माहीत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याच्या छातीवर कान ठेवून ती निजत असे आणि आपल्या माणसात देवी आहे म्हणून फुशारत असे.

“याची बायको नाई,” किसनराव बाहेर म्हणाले. “नेम मायनं धरायचा, तं माय अशी. मंग बहीण धरन. कोकिळा.”

कोकिळा बारा वर्षांची होती. ती दारातून डोकावून हसत होती.

गोजरबाईचं खरं मरण इथं सुरू झालं. पोरगा कोसळला तर जाईल, आणि पोरगी जन्माची नेममोडी होईल. एका दगडात तिची दोन्ही पाखरं.

तिनं भगवानला गोठ्यात गाठलं. “बापा, नाई म्हन. आंग दुखते म्हन, काई बी सांग.”

भगवान बैलाला खरारा करत होता. तो थांबला नाही. “माय, सहा वर्सं झाले, नेममोडीचा पोट्टा म्हनून आयकून राह्यलो. शाळेत आयकलं, जिनिंगवर आयकलं. मी गाड्या देवळाले भिडवल्या ना, तं तुह्यावरचा डाग जाते. मंग कोन काय म्हनते ते पाह्यतो.”

“मले नाई धुवाचा डाग! मले तू पाह्यजे.”

“मले धुवाचा हाय,” तो म्हणाला.

पोरगा देवीसाठी जुंपून घेत नव्हता, आईसाठी घेत होता. तिच्या अब्रूसाठी तो जीव पणाला लावत होता, आणि तिला त्या अब्रूची कवडीचीही किंमत वाटत नव्हती.

पुढच्या आठवड्यात कोकिळेला खोकला धरला. गोजरबाई तिला एसटीनं जळगाव जामोदच्या दवाखान्यात घेऊन गेली. नवा डॉक्टर नागपूरला शिकून आलेला, पोरगेलासा, मितभाषी. त्यानं पोरीच्या छातीला नळी लावली, काढली, परत लावली. तिला उभं केलं, उकिडवं बसवलं, पुन्हा उभं केलं आणि पुन्हा ऐकलं. मग खोकल्याचं सोडून त्यानं भलतंच विचारलं.

“हिच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?”

उत्तर दिलं ते औषधं बांधत असलेल्या बेबीताईनं. बेबीताई तिथली नर्स, धामणखेडच्याच बौद्ध वस्तीतली. “सायेब, हिचा बाप गेला. हिचा आजा गेला. देवळापुढं पाच गोटे हायेत ह्याइच्या घरचे.”

डॉक्टरनं खुर्ची पुढं ओढली. त्यानं समजावलं ते असं: काही घराण्यांत हृदयाची भिंत जन्मजात जाड होत जाते. रक्त बाहेर पडायची वाट अरुंद होते. एरवी माणूस ठणठणीत दिसतो, पण पळाला, जोर लावला, की वाट आणखी अडते आणि हृदय बंद पडतं. हे रक्तातून येतं. आईबापांपैकी एकाला असलं की लेकरांपैकी निम्म्यांना येऊ शकतं. मुलगा-मुलगी असा भेद ते करत नाही. “माझा अंदाज आहे. खात्री नागपूरला विजेच्या यंत्रावर होईल. पण मुलाला गाडी ओढू देऊ नका. एकसुद्धा.”

गोजरबाईला सगळं कळलं नाही. तिनं बेबीताईकडं पाहिलं.

“गोजरबाई, पाटाचं दार गाळानं भरलं ना, तं पानी घुसताना कसं घुमते? तसा तो आवाज हाय,” बेबीताई म्हणाली. “ते देवी नाई. मले सांग, ज्याइची घुमली नाई ते बुढे होऊन मेले का नाई? तुहा जेठ किसनराव जिता हाय का नाई? घुमली तेच गेले. आन् तुमी हात ठेवून ठेवून तेच हुडकता, आन् त्याच्याच गळ्यात बारा गाड्या घालता.”

गोजरबाईनं तिथंच पोरीच्या पोलक्यावर तळहात ठेवला. बारा वर्षांत तिनं या लेकराला न्हाऊ घातलं होतं, कुशीत घेतलं होतं, पण या शंकेनं हात कधी ठेवला नव्हता. पोरींची छाती कोण पाहतो? डाव्या बाजूला, फासळ्यांखाली, बारीक घुमत होतं. तरी त्यातही तिला एक आशा दिसली, हे ऐकून जेठ थांबतील. देवी पुरुषातच येते म्हणतात ना? मग ती पोरीत कशी आली?

डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली. ती पदराला बांधून गोजरबाई घरी आली आणि जेठापुढं उभी राहिली. जेठापुढं बोलायची ही तिची आयुष्यातली पहिलीच वेळ. किसनरावांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. भावाच्या मागं त्याच्या लेकरांना त्यांनीच पोसलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

“हे तुले बेबीनं शिकवलं,” ते म्हणाले. “त्या वस्तीतली बाई आमाले देव शिकवन आता? आन् पोरीचं नाव कोनाजवळ काढू नको. छातीत रोग हाय म्हटलं तं लगन होईन का तिचं? घरान्यात रोग हाय म्हटलं तं माह्या पोराइले कोन पोरगी देईन?”

“भाऊजी, तुमचे पोरं चांगले हायेत. त्याइची घुमत नाई. माह्येच...”

“बस झालं.”

भगवानला दवाखान्यात न्यायचा तिनं तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तो चिडला. “तो डॉक्टर मले आजारी म्हनते, गाव मले भगत म्हनते. तूच सांग मी काय व्हवू?”

शेवटी ती सासूकडं गेली. झुंबरबाई त्रेसष्ट वर्षांची. तिच्या बाविसाव्या वर्षी नवरा याच गाड्या ओढताना गेला होता. एक्केचाळीस वर्षं ती स्वतःच नेममोडी होती, आणि गुलाबराव गेला तेव्हा सुनेला नेममोडी म्हणणारीही तीच पहिली होती. माणूस सोसतो तेच पुढं वाढून ठेवतो, त्याचं हे उदाहरण. गोजरबाईनं काही समजावलं नाही. कोकिळेला तिच्यापुढं बसवलं आणि म्हातारीचा हात धरून नातीच्या छातीवर ठेवला.

म्हातारीनं डोळे मिटले. तिचा हात बराच वेळ तिथंच होता. मग विंचू चावावा तसा तिनं तो ओढून घेतला.

“आत्याबाई, बोला ना काई.”

“जाय इथून,” झुंबरबाई म्हणाली. “मले काई समजत नाई. जाय.”

नेमाचे नऊ दिवस सुरू झाले. कोकिळेनं केस मोकळे सोडले, बिनमिठाची भाकर आणि दूध खाल्लं, आणि उंबऱ्याच्या आत बसून मैत्रिणींशी गजगे खेळली. भावासाठी आपण काहीतरी मोठं करतोय याचा तिला अभिमान होता. भगवान रोज कामावरून आला की तिला विचारी, “काय भगतीनबाई, नेम पक्का?” आणि ती मान डोलावी. गोजरबाई हे बघे आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबे. घर सोडून जावं तर पोरगा येणार नाही, नुसत्या पोरीला न्यावं तर नेम मोडला म्हणून पुन्हा तीच बोलणी. चहूकडून वाट बंद झाली होती.

आखाजीला ऊन रणरणत होतं. देवळापुढच्या माळावर बारा गाड्या जोडल्या. संग्रामपूर, सोनाळ्यापासून लोक आले होते. भगवान हळदीनं पिवळा होऊन उभा होता. आकडा त्याच्या दोराला अडकवणार तोच बायांच्या घोळक्यातून गोजरबाई निघाली, धावत पुढं आली आणि तिनं दोन्ही हातांनी दोर धरला.

नेममोडीचा हात दोराला लागला होता. सहा वर्षं ज्या विटाळाच्या नावानं तिला लांब ठेवलं, तोच विटाळ ती आज पोरासाठी कामाला लावत होती. दुसरं तिच्यापाशी होतं तरी काय?

“बाटला तुमचा दोर!” ती ओरडली. “आता वढता येत नाई गाड्या! सोडा माह्या पोराले!”

पण धर्माला जिथं अडचण येते तिथं उपाय लगेच सापडतो. किसनरावांनी गोमूत्राचा गडू मागवला. दोघी बायांनी गोजरबाईला दंडांना धरून मागं खेचलं. तिच्या मुठी सुटत नव्हत्या. त्या भगवाननं सोडवल्या, एकेक बोट करून.

“माय, आजच्या दिस सोड,” तो हळूच म्हणाला. “उद्यापासून तुले कोनी काई म्हननार नाई.”

मग दोर धुतला, आकडा धुतला, आणि त्यानं गाड्या ओढल्या. हे खोटं कशाला सांगू? पोरगा वाघासारखा ओढत गेला. पहिली गाडी हलली, चौथी हलली, बापाची आठवी हलली, आणि लोक टोप्या उडवू लागले. बारावीचं चाक फिरलं. देवळाच्या पायरीला त्याचा हात लागला. तो वळला, गर्दीत आईला शोधलं, ती दिसल्यावर हसला. “माय, भिडवल्या,” असं काहीतरी म्हणाला असावा. मग त्याचे गुडघे मोडले.

बेबीताई गर्दी फोडत आली. भगताला शिवू नको म्हणून दोघांनी तिला अडवलं, आणि तेवढ्यात जो काही वेळ होता तोही गेला. ती सुटून त्याच्यापर्यंत पोचली, छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. मग तिनं गोजरबाईकडं पाहून मान हलवली.

पायरीपासून मागच्या गाडीपर्यंत कुजबुज पसरायला फार वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, आईचा हात लागला. कुणी म्हणालं, दोर तर धुतला होता, पोरीला विचारा. कोकिळेला घरून आणलं. उंबरा ओलांडताना ती रडली, नेम मोडतो म्हणून. तिला भावापुढं उभं केलं, आणि किसनराव, ज्यांनी तिला खांद्यावर खेळवलं होतं, तेच म्हणाले, “खरं सांग पोरी. काय चुकलं?”

पोरीनं पडलेल्या भावाकडं पाहिलं. “मी मीठ खाल्लं,” ती म्हणाली. “परवा. सुमीनं कैरी देली, तिले मीठ लागेल होतं. मी नुसतं चाटलं. बडेबाबा, मी चाटलंच फकस्त.”

“पाह्यलं?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

गोजरबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ते शब्द ऐकून ती उठू लागली. तिच्या आधी एक काठी वाजली. झुंबरबाई गर्दीतून पुढं आली आणि नातीला पाठीशी घेऊन उभी राहिली.

“मीठ चाटलं म्हनते लेकरू,” ती म्हणाली. “मी एक्केचाळीस वर्सं हुडकून राह्यली मी काय खाल्लं ते. मी काईच खाल्लं नव्हतं. लोक रोज इचारत, काय केलं तुनं, काय केलं. शेवटी मीच सांगून देलं, की वेनी घातली. घातली नव्हती मी. पन काईतरी सांगल्याबिगर सोडत नव्हते. मंग सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं.” ती किसनरावांकडं वळली. “तुह्या बापाची छाती अशीच घुमे. हिची बी घुमते. मी सोता हात लावला, आन् नऊ दिस तोंड शिवून बसली. काऊन, तं मंग माहे एक्केचाळीस वर्सं फुकट गेले म्हना लागलं असतं. माह्या चुप बसन्यानं पोरगा गेला. मिठानं नाई. हाव, मले म्हना काय म्हनाचं ते. हिचं नाव घेतलं तं काठी घालीन.”

कुणी काही बोललं नाही. पटलं म्हणून नव्हे. म्हातारीपुढं लाज वाटली म्हणून. किसनरावांनी हातातला गडू खाली ठेवला आणि तिथंच मातीत बसले.

तेरावा झाल्यावर गोजरबाई डॉक्टरची चिठ्ठी पदराला बांधून निघाली. या घराण्याच्या लेकी जिथं जिथं दिल्या होत्या, तिथं तिथं गेली: सोनाळ्याला, साखरखेर्ड्याला, घाटाखाली, घाटावर. “लेकराइच्या छात्या तपासा,” एवढंच सांगे. दोन घरांनी ऐकलं. बाकीच्यांनी दारं लावली. एका आतेसासूनं तर हात जोडले, “बाई, माह्या नातीचं जमून राह्यलं, आता हे काढू नको.” गोजरबाई दाराबाहेर चिठ्ठी दगडाखाली ठेवून पुढं गेली. अशा चिठ्ठ्यांच्या नकला तिला बेबीताई करून देई.

पुढच्या पाडव्याला धामणखेडात कुणी कुणाच्या छातीवर हात ठेवला नाही. गावाला अक्कल आली असं मी म्हणणार नाही. जुंपायला घुमत्या छातीचा पुरुष उरला नव्हता.

आणि कोकिळा? तिला नागपूरला नेऊन आणलं. डॉक्टरचा अंदाज खरा निघाला. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, एवढं पाळून ती जगेल, कदाचित पुष्कळ जगेल. पण त्या दिवसापासून ती मीठ खात नाही. आई भाजीत घालते, तर ती ताट सरकवते. आजीनं स्वतःच्या हातानं भाकरीवर चिमूटभर ठेवलं, आधी आपण खाल्लं, मग तिच्यापुढं धरलं. पोरीनं त्या चिमटीकडं बराच वेळ पाहिलं.

“माये,” तिनं विचारलं, “मी खाऊ? कोनी मरनार नाई ना?”

“खाय,” गोजरबाई म्हणाली.

पण एकट्या आईनं म्हणून भागत नाही. त्या माळावर ‘पाह्यलं?’ म्हणणारं तोंड एकच होतं, गप्प राहिलेली मात्र हजार होती. पोरगी अजून हात पुढं करत नाही. ती त्या हजारांच्या तोंडून ऐकायला थांबली आहे.